फुकट शिकवलेली

"ही मुलगी आज बँकेत नोकरी करते, ती आमच्या अशिलांनी फुकट शिकवलं म्हणून."

सरांचे वकील माझ्याकडे बोट दाखवून न्यायाधीशांना सांगत होते. शिवाजीनगर कोर्ट. गुन्हा आधीच शाबीत झाला होता. त्या दिवशी शिक्षा किती, एवढंच ठरायचं होतं. सरांचं वय चौऱ्याहत्तर. बायपास झालेली. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं, कुठलंसं मानपत्र. आणि त्या ढिगात मी. त्यांच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून.

आई नारायण पेठेत त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. मी अकरा वर्षांची. गणिताच्या क्लासला ते मला फुकट बसवायचे. बाकीची मुलं बाकावर, मी दाराशी चटईवर. क्लास सुटला की मला थांबवून घ्यायचे. पुढचं मी पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, उलटतपासणीतही सांगितलं. इथे सांगणार नाही.

तेव्हा आईला सांगितलं, तर तिने थोबाडीत दिली. "मोठी माणसं हायेत ती. गप बस." तिचं काम गेलं असतं. मला कळतं. तरी राग जात नाही.

दहा वर्षं गप्प बसले. आईच्या जागी दुसऱ्या मावशी कामाला लागल्या होत्या. एकदा रस्त्यात भेटल्या. कौतुकाने म्हणाल्या, सर माझ्या मुलीलाही फुकट शिकवतात. मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं आणि तशीच पोलीस चौकीत गेले. मावशींनी मुलीला क्लासमधून काढलं. तेवढं तरी झालं.

शिक्षेच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात सरांचा मुलगा आला. अगदी अदबीने. माफ केलं एवढंच म्हणा, म्हणाला. "अहो, बाबा येरवड्यात कसे राहतील?"

माझा जन्म येरवड्यातला. तुरुंगाच्या भिंतीमागच्या वस्तीतला. तिथे राहणं किती कठीण असतं, हे मला त्याच्याकडून कळलं.

न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. मी उभी राहिले.

"त्यांनी मला फुकट शिकवलं नाही. काय घेतलं, ते तुमच्याच निकालात लिहिलंय."

पाच वर्षं दिली. याहून कमी देताच येत नाही, कायद्यात तसं आहे, म्हणून. वय आणि समाजकार्य विचारात घेतलं, असं वाचून दाखवलं. समाजकार्य.

बाहेर सरकारी वकीलबाई म्हणाल्या, ते आता हायकोर्टात अपील करतील, जामीन मागतील, वयामुळे कदाचित मिळेलही. आईने माझा दंड धरला. "पुरे आता. झाली की शिक्षा."

मी तिला रिक्षात बसवलं आणि परत आत गेले. जामिनाला विरोध करायचा तर माझं म्हणणं कधी आणि कुठे द्यायचं, ते बाईंकडून लिहून घेतलं. प्रत्येक तारखेला मुंबईला जाईन. रजा संपली तर बिनपगारी जाईन.

सरांचं वय सगळ्यांनी विचारात घेतलं. माझं वय चोवीस आहे. मी थांबणार नाही.