दोन अक्षरांसाठी अडलेलं बारसं

माळव्यातल्या पीपलरावां गावात सुभद्रा नावाची बाई चुली करून विकायची. तिच्या हातची चूल वीस वर्षं तडकत नसे, असं म्हातारी माणसं सांगतात. मीही सांगतो, कारण आमच्या घरी तिची एक आहे. काळी माती, गव्हाचा भुसा आणि शेण; पायानं तुडवून तुडवून ती माती लोण्यासारखी करायची. नवरा मानसिंगराव ठाण्यात शिपाई. मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं ते घर, चार पिढ्या इथंच मुरलेलं.

तिची पहिली दोन मुलं गेली. एकाचं नाव धोंडू, दुसऱ्याचं केरू. ज्या घरी मूल जगत नाही तिथं असं ओबडधोबड नाव ठेवायचं, म्हणजे काळाची नजर पडत नाही, ही रीत. तरी दोघंही वर्षाच्या आत गेली. ओढ्याकाठी त्यांना मातीत निजवलं.

सन एकोणीसशे सातच्या माघात मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून मानसिंगरावांची थोरली बहीण सुमंगला बागलीहून बैलगाडीनं आली. नाव ठरवूनच आली होती : दगडी.

पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. सुभद्रा मुलीला मांडीवर घेऊन बसली, ती हलेचना.

"वन्सं, हिचं नाव 'इला' सांगा."

"हे कुठलं गं?"

"देवळातल्या मोरोपंत पुराणिकांकडून ऐकलं. इला म्हणजे पृथ्वी."

शेजारची माळवी पार्वती हसली. "नाम तो भोत मीठो हे! खेत से हेलो पाड़ो तो एक सांस में घर पोंची जाय." शेतातून हाक मारली तर एका दमात घरी पोचेल, असं तिचं म्हणणं.

सुमंगलेचा चेहरा पांढरा पडला. "दोन लेकरं मातीनं नेली, आणि पुन्हा तिचंच नाव? सुभद्रे, वेड लागलंय का तुला? दगडी म्हण. जगेल तरी."

"धोंडू जगला? केरू जगला? शेवटपर्यंत माझ्या लेकराला केर म्हणून हाक मारली मी. आता नाही. ती दोघं जिच्या कुशीत निजलीत, तिचंच नाव हिला. आपल्या नावाची पोर ती कशी नेईल?"

दारातून मानसिंगराव म्हणाले, "अगं, बायका ताटकळल्यात."

"बसू देत. चूल वाळेपर्यंत थांबायची सवय आहे मला. वन्सं नाव सांगतील, तेव्हाच पोर पाळण्यात जाईल."

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. घुगऱ्या गार झाल्या. एकही बाई उठली नाही.

शेवटी सुमंगला हळूच म्हणाली, "आणि काही बरंवाईट झालं तर? गाव माझ्याकडेच बोट दाखवील, हिनं नाव सांगितलं म्हणून."

"धोंडूचं नाव तुम्हीच सांगितलं होतं, वन्सं. केरूचंही. मी कधी बोट दाखवलं?"

सुमंगला उठली. मग पदर खोचून पाळण्याशी आली. "आण इकडे."

सुमंगला पोरीच्या कानाशी वाकली. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत थापट्या मारल्या, तरी ती सरळ होईना. तीनदा सांगितलं तिनं नाव.

पुढच्या माघात, बरोबर वर्ष भरलं त्या दिवशी, सुमंगला कुणी न बोलावता बागलीहून आली. गाडीतून उतरायच्या आधीच तिनं हाक घातली, "इला!"

आतून भिंत धरून एक पोर उंबऱ्यापर्यंत आली. हात मातीनं भरलेले.