देवळीच्या खोलीतला निळा दिवा

देवळी गावातल्या एका खोलीत आमच्या इंटरनेटच्या नेटवर्कचं लोखंडी कपाट आहे. त्याला चॅसिस म्हणतात. त्याच्या खाचांत उभी कार्डं बसतात, ती ब्लेड. सगळी जुळ्या भावंडांसारखी दिसतात. म्हणून प्रत्येकीला नाव-नंबर देणं आणि तिचा निळा ओळखदिवा लावणं, हे काम मी वर्ध्याच्या ऑफिसात बसून करते. दिवा लागला की तिथल्या माणसाने फोनवर सांगायचं, मगच ती ब्लेड बाहेर काढायची. भलतीच ओढली तर इंटरनेट बंद पडून अर्धी देवळी माझ्या नावाने बोटं मोडणार.

तिथला माणूस म्हणजे चौकीदार काका. मी त्यांना कधी पाहिलं नाही. दुपारी दिवा लावून मी फोन करायचे, "काका, कुठला लागला?"

"जेवन झालं का मॅडम?"

"काका, दिवा."

"तिसऱ्यातला लुकलुकून राह्यला जी. जेवन?"

मी चिडायचे. आणि काम नसतानाही तिसऱ्या खाचेतला दिवा लावायचे, सेटिंग नीट बसलंय का बघायला. सेटिंग केव्हाच बसलं होतं. ऑफिसात मी एकटी, घरीही एकटी. जेवणाचं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हातारा बिचारा माझं मन राखतोय, असं मला वाटायचं.

मग खोलीत कॅमेरा बसला आणि काकांची गरज संपली. शेवटच्या दिवशी त्यांनी आपणहून फोन केला.

"उद्यापासून खोलीले कुलूप लागते म्हणते मॅडम. मी हिंगणघाटले पोराकडं चाललो."

मी म्हटलं, "जेवण झालं का काका?"

"नाई जी. दिवा कुठं लागला अजून?" ते म्हणाले. "तुमचा दिवा लागला का मंग डबा उघडो मी. मशीनपाशी दिवसभर एकलाच राहो. एकल्याले घास नाई जात."

मी दिवा लावला. फोन ठेवल्यावर ऑफिसात कुणी नव्हतं, म्हणून मोकळेपणी रडले.

आताही दुपारी मी तो दिवा लावते. बंद खोलीत तो लुकलुकताना कॅमेऱ्यात दिसतो. मग डबा उघडते. मध्येच नागपूरहून साहेबांचा फोन येतो, देवळीला कुणी नाही, मग दिवा काऊन लागला? तपासणी चालू आहे, असं सांगते आणि जेवून झाल्यावर बंद करते.