उतरलो तर चढणार कसा?

मंडळी, खुब्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा सायकल काढली. वय सदुसष्ट!

अडचण एकच. जमिनीवरून टांग टाकता येत नाही. घरापुढच्या कट्ट्यावर उभं राहून कसाबसा बसलो आणि भोरमधून भाटघरकडे निघालो.

वाटेत शेतातून सोपाननं हाक मारली, "गुरुजी, च्या घ्या की!"

"उतरलो तर परत चढता येणार नाही रे!" ओरडतच पुढे गेलो. तो रुसणार हे नक्की. पुढचा कट्टा थेट धरणाजवळच्या स्टॉपवर मिळाला. एवढं लांब जायचं ठरलंच नव्हतं, पण काय मजा आली!

परतताना बघतो तर सोपान रस्त्यातच उभा. शेजारी बांधावरचा भलामोठा दगड.

"उतरा आता. चढायची सोय केलीया."

दोन कप प्यालो. तुमच्यासाठी कुणी असा दगड ओढून आणलाय का हो?