चाचणीहून सोपी मॅट्रिक

महादेव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आलापल्लीला सागाच्या लिलावात होतो. बोली अर्धवट सोडून मी कधी उठत नाही. त्या दिवशीही उठलो नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत... त्यांना एक गोष्ट ठाऊक नाही.

पन्नासच्या दशकात आम्ही दोघं पोंभुर्ण्याहून चांद्याला शिकायला आलो. एका खोलीत राहिलो, एकाच गंजात भात शिजवला. मॅट्रिकआधी शाळेची चाचणी असे; तीत पास झालं तरच फॉर्म मिळे. त्या वर्षीचं चाचणीचं गणित असं होतं की हुशार मुलंही रडत बाहेर आली. मी जेमतेम पास झालो; महादेव माझ्याहून तीन गुणांनी मागे, अगदी काठावर. आमच्या भागातून मॅट्रिकला जो पहिला येईल त्याला नागपूरच्या वसतिगृहात फुकट जागा मिळणार होती. एकच. तिच्याशिवाय दोघांनाही कॉलेज दिसणार नव्हतं. फॉर्मच्या आदल्या दिवशी महादेव म्हणाला, "अबे, हे तं नुसती चाचणी होती. खरी मॅट्रिक याच्या दुप्पट कठीण राह्यते. तू काऊन घाई करून राह्यला? नापास झाला तं तुहा बाप पुन्हा शिकवीन का तुले? पुढच्या साली दोघंही संगंच बसू."

"तू बी नाई भरत?"

"नाई ना गड्या."

बाजारात वांग्यांच्या ढिगात मी तळापर्यंत हात घालून पाहत असे. मित्राचं बोलणं मात्र वरवर पाहून उचललं.

त्यानं फॉर्म भरला होता. मी गावी मोहफुलं वेचत होतो तेव्हा तो परीक्षेला बसला, आणि पुढे नागपूरला गेला. एका वर्गमित्राकडून मी मॅट्रिकचा तो गणिताचा पेपर आणला, मोहाखाली बसून सोडवला. दहापैकी आठ गणितं सुटली! शाळेचा निकाल खराब होऊ नये म्हणून चाचणी मुद्दाम अवघड काढतात, हे महादेवच्या थोरल्या भावानंच मला हसत सांगितलं. "मी तं महादेवले पहिलेच सांगतलं होतं," म्हणाला. पुढच्या सालापर्यंत बापानं मला लाकडाच्या कामाला जुंपलं होतं.

तो मास्तर झाला, मी ठेकेदार. एकदा लग्नात त्याला गाठून विचारलं, "तुले ठाऊक होतं ना?" त्यानं चष्मा पुसला. "चहा घेशीन?" म्हणाला... मी चहा घेतला नाही.

तेरवीनंतर त्याच्या घरी गेलो. त्याचे जुने विद्यार्थी बसले होते. ते सांगत होते, चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी सर मॅट्रिकचा जुना पेपर फळ्यावर लिहीत, सर्वांकडून सोडवून घेत आणि म्हणत, "पाह्यलं? सोपा आहे. फॉर्म भरा." दरवर्षी, न चुकता. म्हणजे सगळ्या जिल्ह्याला सांगितलं, एका मला सोडून!

ते गेल्यावर त्याच्या बायकोला विचारलं, "माह्याबद्दल काही म्हणे का?"

"नाई भाऊ. तुमचं नाव निघालं का उठून जात. परसात झाडायले पाणी टाकत बसत."

परसात जाऊन आलो. झाडाची पारख मला आहे. सगळी झाडं गच्च वाढली आहेत.