सरांच्या ‘रोचक’ला किती मार्क

आमच्या मजल्यावरच्या सरांनी मार्कांना सोडचिठ्ठी दिली, पण घरातली पदकं मात्र जागची हलली नाहीत. शाळेतला पहिला नंबर, कॉलेजातला पहिला नंबर, कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेतलं उत्तेजनार्थसुद्धा, सगळं काचेआड. सर स्वतः पुसतात, बायकोला हात लावू देत नाहीत.

सर कॉलेजात माध्यमं शिकवतात. त्याआधी काही महिने एका वर्तमानपत्रात हवामानाची चौकट लिहायचे. अंदाज बहुतेक चुकायचा. तेवढ्या पुण्याईवर माध्यमतज्ज्ञ झाले.

“मार्क म्हणजे मुलांच्या गळ्यातला फास, वहिनी,” जिन्यात मला गाठून ते म्हणाले. “अर्ध्या मार्कासाठी लाचार होतात हो! आता मी फक्त अभिप्राय देणार.”

“आणि त्यात तुमचं काय?”

सर चक्क लाजले. प्राचार्यांनी प्रयोगाला एक सत्र दिलं होतं. तेवढ्या काळात मुलांनी मार्क विचारणं सोडलं, तर ही पद्धत सगळ्या कॉलेजला लागू आणि सर विभागप्रमुख. नाहीतर पुन्हा लाल पेन.

अभिप्राय ते बोलून पाठवायचे. “अहो, काय ते कौतुक बाहेर जाऊन करा,” असं बायकोने बजावल्यामुळे मोबाइल बिस्किटासारखा तोंडासमोर धरून सामायिक गॅलरीत येरझाऱ्या सुरू झाल्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच गॅलरीत उघडते. बंद करता आली असती. पण मी का करू?

थोड्याच दिवसांत सर मला तोंडपाठ झाले. काम आवडलं की गडी भराभर बोलणार आणि चुका काढणार. नाही आवडलं की आवाजात साखर. “तुझ्यात एक शोध आहे” म्हणजे दहापैकी पाच. “हा प्रवास चालू ठेव” म्हणजे चार. आणि “रोचक” म्हणून थांबले, मग “पण” म्हणाले, की समजावं, पोरगं आपटलं.

एकदा त्यांची एक विद्यार्थिनी कॅमेरा परत द्यायला आली. सर घरी नव्हते, म्हणून माझ्याकडे टेकली. चेहरा पडलेला.

“काकू, माझ्या फिल्ममध्ये शोध आहे म्हणाले सर. कशाचा, ते नाही सांगितलं. स्टुडिओत मुलाखत आहे माझी. हीच दाखवू की नवी करू?”

“लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाची ती फिल्म ना? पाच मार्क. नवी कर.”

पोरगी बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणी आल्या. मग तर जिन्यात चपलांचा ढीग पडायला लागला. एकजण हुज्जत घालायचा, “काकू, साडेपाच करा ना!” मी म्हणायचे, “बाळा, सरांनी ‘प्रवास’ म्हटलंय, शोधसुद्धा नाही. गप घरी जा.”

इकडे सर हवेत. “वहिनी, एकही मूल मार्क विचारत नाही! क्रांती आहे ही!”

“रोचक,” मी म्हणाले आणि थांबले. सर खूश होऊन गेले.

सत्राच्या शेवटी प्राचार्य वर्गात आले. सर शेजारी छाती काढून उभे. प्राचार्यांनी विचारलं, “मुलांनो, मार्कांची आठवण नाही येत?”

कॅमेरावाली उठली. नवी फिल्म दाखवून स्टुडिओत तिची निवड झालेली, त्यामुळे आनंदात होती बिचारी. म्हणाली, “नाही येत सर. शेजारच्या काकू सांगतात ना!”

संध्याकाळी सर माझ्या दारात. चेहरा लालबुंद.

“वहिनी, वाटोळं केलंत माझं! चोरून ऐकता?”

“चोरून कशाला? तुम्हीच सगळ्या मजल्याला ऐकवता.”

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “ताई, मी चहा टाकतेय. याल ना इकडे?” बाईंना गाणं फुटायचंच बाकी होतं.

सर ओरडून थकले, तरी जाईनात. दाराची कडी उगाच वरखाली करत राहिले. शेवटी मीच विचारलं, “प्राचार्यांनी निर्णय काय दिला?”

“उद्या कळवतील. आज नुसतंच म्हणाले…”

“काय म्हणाले?”

“प्रयोग रोचक आहे, म्हणाले.”

“मग थांबले?”

“थांबले.”

“आणि ‘पण’?”

सरांनी माझ्या पायपुसण्याकडे पाहिलं. “म्हणाले.”

“तीन,” मी म्हणाले आणि दार लोटायला लागले.

सरांनी फटीत हात घातला. “वहिनी, ऐका तरी! जाताना हसले हो ते थोडेसे. साडेतीन तरी द्या की!”