सिस्टरांची वालाची वाटी

“स्ट्रेस-बिस मला कळत नाही. कुठे होतंय ते सांगा.”

पडद्याआडून सिस्टरांचा आवाज आला. आत स्टोअरचे काका होते. ते काहीतरी पुटपुटले. “मानेत ना? मग तसं बोला की. स्ट्रेस काय, आपल्या बॉयलरला पण असतो.” मी बाहेर बाकावर, मांडीवर वालाची वाटी घेऊन, माझ्या नंबराची वाट बघत होते.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत माणसाला स्वस्थ बसवू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती स्वतः मिनिटभरही स्वस्थ बसत नाही. ती म्हणजे हेल्थ सेंटरच्या या सिस्टर. बोलताना त्या कापसाचे बोळे वळतात, ऐकताना औषधाचं कपाट पुसतात. येताना कोपरच्या घरून डब्यासोबत मोड आलेले वाल आणतात. ब्लडप्रेशर बघण्याआधी माणसाने दहा मिनिटं शांत बसायचं असतं, पण नुसतं बसा म्हटलं की आमच्याकडची माणसं मोबाईल काढतात. म्हणून सिस्टर हात धुवायला लावतात आणि वाल सोलायला देतात. सालं अलगद सुटली तर पडद्याआड बोलावतात, डाळिंब्या चुरडल्या तर आणखी दहा मिनिटं. हेल्थ सेंटरमध्ये खायची वस्तू चालणार नाही असं सेफ्टी ऑफिसरांनी सुनावलं, तेव्हा सिस्टरांनी बाक उंबऱ्याबाहेर सरकवला आणि पहिली वाटी ऑफिसरांच्याच हातात दिली. सिस्टरांच्या घरचं गुरुवारचं वालाचं बिरडं आमच्या रक्तदाबावर शिजतं, असं कँटीनमध्ये म्हणतात.

मोठ्या माणसांचीही त्या गय करत नाहीत. एकदा आमच्या प्लॅनिंगचे सर कानाला फोन लावूनच आत शिरले. सिस्टरांनी तो काढून घेतला, इंजेक्शनच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला आणि वर झाकण घातलं. तो आत वाजायला लागला तसा सगळा ट्रे टेबलावर थरथरत फिरू लागला आणि सरांचा आकडा चढत गेला. “हे तुमचं नाही, फोनचं बीपी आहे,” त्या म्हणाल्या. एचआरचा माणूस कोणाकोणाला ताण आहे त्याची यादी मागायला आला, तर त्यालाही यादीऐवजी वाटीच मिळाली. तपासणीचे कागद ठेवलेल्या कपाटाची किल्ली सिस्टरांच्या कमरेला असते, जेवतानासुद्धा.

वार्षिक तपासणीचा फॉर्म आधीच भरून आणलेला त्यांना चालत नाही. त्याला कारण आहे. एका वर्षी पॅकिंगच्या सगळ्यांनी एकाच बाईचा फॉर्म बघून आपापले भरले, आणि तीन पुरुषांची मासिक पाळी नियमित निघाली. सिस्टरांनी तिघांनाही बोलावून गंभीरपणे अभिनंदन केलं. त्याच फॉर्मवर खाली ‘कामाचा ताण: आहे / नाही’ असं असतं. तिथे सगळेच ‘नाही’वर खूण करतात. मीसुद्धा दोन वर्षं केली.

गेल्या गुरुवारी माझा आकडा बघून सिस्टरांनी दुसऱ्यांदा पट्टा बांधला, मग तिसऱ्यांदा. “बाय, पुढच्या गुरुवारी डॉक्टर येतील, एकपर्यंत बसतील,” त्या म्हणाल्या. “घरी असताना हिला फोन करू नका, सेक्शन बदला, असं काय ते डॉक्टर कंपनीला लिहून देतात. कारण लिहीत नाहीत. पण तू बोललीस तरच. माझ्या अंदाजावर नाही लिहीत ते.”

बोलणं मला जमत नाही. घोडबंदर रोडवरच्या घरातही कोणाला माहीत नव्हतं. त्यापेक्षा राजीनामा सोपा वाटला. तो मी मोबाईलमध्ये चांगल्या इंग्रजीत लिहून ठेवला होता. आज, त्याच गुरुवारी, दुपारी पाठवून टाकायचा, एवढंच बाकी होतं. एक वाजायला दहाच मिनिटं होती. खिशातला फोन थांबून थांबून थरथरत होता आणि दर वेळी माझ्या बोटांत एक डाळिंबी चुरडत होती.

स्टोअरचे काका मान चोळत निघून गेले. सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या वाटीत पाहिलं. अर्ध्या डाळिंब्या मोडलेल्या. आता आणखी दहा मिनिटं, म्हणजे डॉक्टर जाणार, असं मी मनाशी धरलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

पण त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बसल्यावर त्या एकदम लहानखुऱ्या दिसत होत्या, आणि दमलेल्या. माझ्या वाटीतला एक वाल त्यांनी उचलला, सोलला, परत ठेवला. मग दुसरा. पडद्याआड डॉक्टर बॅग आवरत असल्याचा आवाज येत होता.

“कुठे?” त्यांनी वाटीकडेच बघत विचारलं.

मी इंग्रजीत एक वाक्य पाठ केलं होतं. ते आलंच नाही.

“पोटात,” मी म्हणाले. “बस इथल्या अलीकडे, नितीन कंपनीच्या सिग्नलला आली की. आधी तिथेच व्हायचं, सिस्टर. आता घरातून निघतानाच होतं.”