तो लाल कच्चा होता
कुडव्याच्या आमच्या मेकॅनिकला गाडीतलं तेल फक्त रंगावरून कळतं, निदान तो तसं दाखवतो. माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल त्याने बोटांवर चोळलं, हुंगलं आणि "लाल लागते" म्हणून एक डबा उचलला. चुकीचं तेल पडलं तर गिअरबॉक्स बसेल, म्हणून मी म्हटलं, "भाऊ, डब्यावरचं वाचून तरी घ्या."

"तेल का पेपर आहे जी, वाचाले?"

फणकाऱ्याने तो बॉनेटआड गेला. मी वाकून पाहिलं, तर चष्मा लावून, तेल मोजायच्या पट्टीवर कोरलेलं तेलाचं नाव तो डब्यावरच्या नावाशी जुळवत होता. मग दुसरा डबा आला. त्यातलंही तेल लालच.

"काऊन बदलवला?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

चष्मा खिशात कोंबत तो म्हणाला, "तो लाल कच्चा होता."